मुखवटाधारी वीरांचे दप्तर

७ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झाले असताना, तोक्योतील निप्पॉन टेलिव्हिजनने शनिवारी सायंकाळी साडेसात वाजता ‘तोत्सुगेकी! ह्यूमन!!’ नावाची एक बालमालिका सुरू केली. ही वेळ निवडण्यात मोठे धाडस होते. कारण नेमक्या त्याच घटकेला दुसऱ्या वाहिनीवर ‘कामेन रायडर’ हा नाकतोड्याचा मुखवटा धारण केलेला मोटारसायकलस्वार जपानभरच्या मुलांना खिळवून ठेवीत असे, आणि त्याच्याशी सामना द्यायचा तर काही तरी अपूर्व करून दाखविणे निर्मात्यांना प्राप्तच होते. त्यांनी ते केलेही. सभागृहात मुलांना बसवून, त्यांच्या आरोळ्यांच्या साक्षीने, रंगमंचावर राक्षस आणि वीर यांचे युद्ध लावायचे आणि तो सारा प्रयोग चुंबकीय फितीवर मुद्रित करून प्रक्षेपित करायचा, अशी ती योजना होती. आणि वीराचे रूप रेखाटण्यासाठी त्यांनी ज्या नारिता तोरु या शिल्पकाराला पाचारण केले, त्यानेच सहा वर्षांपूर्वी अल्ट्रामॅन या दूरचित्रवाणीवरील वीराची रुपेरी-तांबडी आकृती निर्माण केली होती. मालिका वर्षअखेरपर्यंत चालली, तिचे १३ भाग झाले, आणि ती बंद पडली. पुढे तिच्या फिती पुसण्यात आल्या. आज तिची छायाचित्रे आहेत, नारिताची रेखाटने आहेत, शीर्षकगीत आहे, त्या सभागृहांत बसलेल्या आणि आता साठीच्या घरात पोहोचलेल्या माणसांच्या आठवणी आहेत. परंतु प्रक्षेपणाच्या मूळ फिती नाहीत. याच्या उलट ‘कामेन रायडर’चे सर्व ९८ भाग शाबूत असून, ज्याला हौस असेल त्याला ते हातातील दूरध्वनीवर पाहता येतात.

या दोघांच्या नशिबातील अंतर गुणावगुणांमुळे पडले असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. ते पडले साहित्याच्या हिशेबामुळे. ‘कामेन रायडर’ तोएइ या चित्रपट कंपनीने १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केला होता, आणि एकदा प्रकाश लागलेली फिल्म दुसऱ्या कोणत्याही कामाची राहत नसल्यामुळे ती डब्यात घालून फडताळावर ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत मात्र १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने बाजारात आणली तीच मुळी पुसून पुन्हा वापरता येते या लौकिकासह. जपानात ती आली तेव्हा एका फितीची किंमत सामान्य कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगारापेक्षा अधिक होती. तेव्हा काल प्रक्षेपित झालेला कार्यक्रम जपून ठेवणे हे कोठीवरच्या कामदाराच्या दृष्टीने भांडवल अडकवून ठेवण्यासारखे होते. हा दोष केवळ पोरकट मालिकांच्या वाट्याला आला असेही नाही. एनएचके या राष्ट्रीय प्रक्षेपण संस्थेने १९६३ साली ‘हाना नो शोगाई’ या ऐतिहासिक महामालिकेने आपल्या सुप्रसिद्ध रविवारच्या परंपरेचा आरंभ केला. त्या मालिकेचा आज फक्त पहिला भाग उरला आहे. राष्ट्रीय संस्थेची प्रतिष्ठा, नामवंत नट आणि इतिहासाचा विषय यांपैकी कशानेही तिला वाचविले नाही. आणि रबराचे राक्षस मात्र फिल्मच्या कृपेने चिरंजीव झाले, हा काळाचा विनोद जरा क्रूरच म्हटला पाहिजे.

जपानी दूरचित्रवाणीवरील मुखवटाधारी वीरांच्या या वंशाचा मूळ पुरुष ‘गेक्को कामेन’, म्हणजे चांदण्याचा मुखवटा धारण करणारा, हा २४ फेब्रुवारी १९५८ रोजी अवतरला. प्रक्षेपण सुरू होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती, पडद्यावर अमेरिकी मालिकांचा सुकाळ होता, आणि जे नाट्य देशात निर्माण होई ते बहुधा थेट प्रक्षेपित होऊन हवेत विरून जाई. अशा वेळी सेन्कोशा नावाच्या एका जाहिरात कंपनीने ताकेदा या औषधनिर्मात्याचे पाठबळ मिळवून स्वतःच फिल्मवर मालिका काढण्याचा घाट घातला. पैसा इतका थोडा होता की, कंपनीच्या मालकाच्या घरातील बैठकीची खोलीच गुप्तहेराची कचेरी म्हणून वापरली गेली. कॅमेरा किल्लीचा, त्यामुळे एका दमात अर्धा मिनिटही चित्रण होत नसे. आणि ध्वनी सगळा मागाहून भरायचा. पांढरा फेटा, पांढरा झगा, काळा चष्मा आणि मोटारसायकल एवढ्या सामग्रीवर उभ्या राहिलेल्या या वीराने पोरांना इतके वेड लावले की, त्याचे अनुकरण करीत उंचावरून उड्या टाकणाऱ्या मुलांच्या अपघातांची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊ लागली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, दारिद्र्यातून जन्मलेल्या या मालिकेने फिल्म हे माध्यम रूढ केले. वीराला उघड्या माळावर मोटारसायकल फेकायची असे, आकाशात उडायचे असे, आणि या करामती त्या काळच्या अवजड चित्रमुद्रणयंत्रांनी साधत नसत. ज्या तांत्रिक अडचणीने फिल्म अपरिहार्य केली, तीच अडचण पुढे या साऱ्या कुळाची सनद ठरली.

या मालिकेचा लेखक कावाउची कोहान याच्याविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण त्याची दृष्टी वारंवार आपल्या देशाकडे वळलेली दिसते. गेक्को कामेनचे बीज त्याने गेक्को बोसात्सु, म्हणजे आपल्या बौद्ध वाङ्मयातील चंद्रप्रभ बोधिसत्त्व, यात शोधले. हा चंद्रप्रभ भैषज्यगुरूचा पार्श्ववर्ती, म्हणजे दुष्टाला शासन करणाऱ्या देवतेपेक्षा रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या देवतेचा सेवक, आणि औषध कंपनीच्या पैशावर चाललेल्या मालिकेला हे दैवत किती शोभून दिसले असेल! पुढे १९७२ सालच्या ऑक्टोबरातच, म्हणजे ‘ह्यूमन’च्या जोडीने, त्याने ‘रेनबोमॅन’ लिहिला. त्याचा नायक तरुण मल्ल असून तो योगसामर्थ्य मिळविण्यासाठी हिंदुस्थानात येतो, युद्धाने पेटलेल्या सरहद्दीच्या मुलखातून वाट काढीत एका वृद्ध योग्याकडे पोहोचतो, आणि त्याच्या कृपेने सूर्य, चंद्र, अग्नी, जल अशी सात रूपे धारण करण्याची शक्ती मिळवितो. या योग्याचे नाव देवदत्त! बुद्धचरित्रातील द्वेष्ट्या चुलतभावाचे नाव गुरूला देण्यामागे लेखकाचा काय हेतू असेल तो असो. बांगलादेशाच्या युद्धाला वर्ष झाले नव्हते तोच जपानी मुलांच्या सायंकाळच्या करमणुकीत त्याची छाया पडावी, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला कोणत्याही राजकीय टिपणाइतकी मोलाची वाटली पाहिजे. तोहो कंपनीने ही मालिकाही फिल्मवर काढली, म्हणूनच हे आज सांगता येते.

फिल्मवर अशा करामती घडविण्याच्या कलेला जपानी लोक तोकुसात्सु म्हणतात. लहान प्रतिकृती, रबरी पोशाख, तारा, स्फोट आणि चित्रावर चित्र बसविण्याची रासायनिक किमया यांचा तो समुच्चय आहे. तिचा आचार्य त्सुबुराया एइजी हा १९०१ साली फुकुशिमा प्रांतातील सुकागावा येथे जन्मला, १९५४ सालच्या ‘गोजिरा’ या राक्षसपटाने जगाला परिचित झाला, आणि १९६३ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्या कारखान्याची पहिली मालिका ‘अल्ट्रा क्यू’ ही चित्रपटगृहांतील चित्रपटांप्रमाणे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली, तेव्हा इतका थाट छोट्या पडद्यासाठी कशाला असे व्यवहारी माणसांना वाटले असल्यास नवल नाही. पण कृष्णधवल असूनही २०११ साली तिला संगणकाच्या साहाय्याने रंग चढविता आले ते याच थाटाच्या पुण्याईवर. जुलै १९६६ मध्ये आलेल्या ‘अल्ट्रामॅन’च्या वेळी हात आखडता घ्यावा लागला. तरीही खर्च आवरेना आणि दर आठवड्याची मुदत पाळता येईना, तेव्हा ३९ भागांनंतर, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, ती मालिका थांबविण्यात आली.

काटकसरीचे शास्त्र मात्र या कारखान्यात पुरेपूर जाणत असत. ‘अल्ट्रामॅन’च्या दहाव्या भागात जिरास नावाचा जो झालरवाला राक्षस येतो, तो वस्तुतः गोजिराचाच पोशाख, गळ्याभोवती झालर बसवून उभा केलेला. लढाईत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि क्षणभर आतला गोजिरा उघडा पडतो. हे पोशाख लेटेक्सचे असत, तापलेल्या दिव्यांखाली भेगाळत, घामाने आणि पाण्याने कुजत. आणि जे कुजत नसत ते कापून, रंगवून, शिंगे बसवून पुढच्या राक्षसाच्या कामी येत. फिती पुसणाऱ्या कामदारावर आपण सहज रागावतो, परंतु पोशाख कापणारा कारागीरही तेच करीत होता. उद्यासाठी म्हणून काही ठेवायचे असते ही कल्पनाच त्या धावपळीच्या जगात कोणाला शिवलेली नव्हती.

ती कल्पना प्रथम शिवली प्रेक्षकांना. घरोघरी चित्रमुद्रणयंत्रे पोहोचण्याआधीचा तो काळ. बीटामॅक्स १९७५ साली आणि व्हीएचएस १९७६ साली आले, तेही आरंभी श्रीमंतांपुरतेच. तत्पूर्वी ज्याला एखादा भाग जपून ठेवावासा वाटे, तो दूरचित्रवाणीसंचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून घरातल्या मंडळींना गप्प बसवी, नाही तर ८ मिलिमीटरचा कॅमेरा पडद्यावर रोखून मूक चित्रे घेई. एनएचकेच्या ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’ या बाहुल्यांच्या मालिकेचे १२२४ भाग झाले आणि त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच टिकले. परंतु १९९१ साली संस्थेने ती नव्याने उभी करावयास घेतली, तेव्हा एका प्रेक्षकाने शाळकरी वयात रोजच्या रोज वहीत उतरून ठेवलेला कथाभाग तिच्या उपयोगी पडला. प्रक्षेपण संस्थेच्या दप्तरात जे नव्हते ते एका पोराच्या वहीत निघाले. याच धड्याचे पुढे धोरण झाले. २००३ साली कावागुची येथे एनएचकेने आपले संग्रहालय उघडले आणि जुन्या कलावंतांनी, तंत्रज्ञांनी व सामान्य प्रेक्षकांनी घरी ठेवलेल्या फिती आणून द्याव्यात असे जाहीर आवाहन चालविले. एके काळी अशा खासगी मुद्रणांकडे संशयाने पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्याच दारी झोळी घेऊन जावे, यात मला तरी संस्थेचा मोठेपणाच दिसतो.

परदेशांत पसरलेल्या प्रतींचा हिशेब निराळाच आहे. ‘नॅशनल किड’ हा जपानी वीर १९६० च्या दशकात ब्राझीलमध्ये इतका प्रिय झाला की त्याचे नाव जपानपेक्षा तिकडेच अधिक निघते, आणि १९८८ पासून ‘जास्पियन’ व ‘चेंजमॅन’ यांनी तेथील दुसरी पिढी जिंकली. हवाई बेटांत १९७४ साली ‘किकायडर’ इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविण्यात आला आणि त्याची ओढ तेथे आजही ओसरलेली नाही. आपल्याकडे दूरदर्शनने १९८० च्या दशकात तोएइची १९६७ सालची ‘जायंट रोबो’ ही २६ भागांची मालिका इंग्रजी अवतारात दाखविली होती. मनगटावरच्या घड्याळात बोलून प्रचंड यंत्रमानवाला हाक मारणारा तो मुलगा, आणि शत्रूला कवटाळून अंतराळात नष्ट होणारा तो यंत्रमानव, पुण्यामुंबईच्या चाळींतून वाढलेल्या अनेकांना आज पन्नाशीतही आठवतो. मात्र परदेशी गेलेल्या या प्रतींत नावे बदललेली असत, प्रसंग कापलेले असत, संगीत नवे घातलेले असे. तेव्हा त्यांना मूळ दस्तऐवज न समजता त्याची फेरफार झालेली नक्कल समजणे योग्य. कधी कधी मूळ हरवल्यावर नक्कलच पुराव्याला उभी राहते, हे मात्र कोणत्याही जुन्या दप्तराच्या अभ्यासकास सांगावे लागणार नाही.

इंटरनेट आले ते या विखुरलेल्या साठ्यांना एकमेकांशी जोडीत. चाहत्यांनी आपल्या जुन्या फिती संगणकावर उतरविल्या, जपानी जाणणाऱ्यांनी रात्री जागवून उपशीर्षके लिहिली, भागांच्या याद्या, नटांची नावे आणि प्रक्षेपणाच्या तारखा पडताळून पाहिल्या. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने यातील बरेचसे बेकायदा होते आणि विद्वत्तेच्या दृष्टीने बरेचसे अमूल्य. मालक मागाहून जागे झाले. तोएइने यूट्यूबवर आपली तोकुसात्सु वाहिनी काढून जुन्या मालिकांचे भाग आठवड्याच्या बेताने विनामूल्य दाखविण्यास आरंभ केला, आणि २०२० सालच्या एप्रिलमध्ये परदेशी प्रेक्षकांसाठी दुसरी वाहिनी उघडून सुमारे ७० मालिकांचे पहिले दोन-दोन भाग तीवर ठेवले. उपशीर्षके प्रेक्षकांनीच रचून जोडावीत अशी तेथे अपेक्षा होती. परंतु ज्या सोयीवर हा सारा बेत उभा होता ती सोयच यूट्यूबने त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरसकट बंद केली. त्सुबुरायाच्या कंपनीनेही मार्च २०२१ मध्ये वर्गणीवर चालणारी स्वतःची व्यवस्था सुरू केली.

या घडामोडींचा आनंद मानावा, पण त्यांना जतन म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विनामूल्य दाखविलेला भाग एक-दोन आठवड्यांनी उतरविला जातो, वर्गणी थकली की दार बंद होते, कराराची मुदत संपली की मालिका यादीतून नाहीशी होते. ही सारी दुकानाची मांडणी आहे आणि दुकानाने ती हवी तशी बदलावी, हा त्याचा हक्कच आहे. शिवाय पडद्यावर दिसते ती दाबून लहान केलेली प्रत. मूळ निगेटिव्ह कोठे आहे, तिची अवस्था काय, तिच्या डब्यावरील नोंदी कोणी वाचल्या आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे त्या प्रतीत नसतात. आणि निगेटिव्हला तर काळ कुरतडतोच आहे. ॲसिटेटच्या फिल्मला दमट हवेत शिरक्याचा वास सुटतो, ती आक्रसते, वेडीवाकडी होते, आणि एका डब्यातील विकार शेजारच्या डब्याला जडतो. रंगीत प्रतींतील निळा आणि पिवळा उडून जाऊन सारे आकाश गुलाबी होते. थंड आणि कोरडी कोठी, डब्यांची वेळोवेळी तपासणी, आणि वेळीच केलेले उच्च दर्जाचे अंकीकरण, यांखेरीज याला उपाय नाही. आणि या तिन्ही कामांचे श्रेय कोणत्याही प्रेक्षकसंख्येत मोजले जात नाही.

वस्तूंच्या जतनाची चळवळ मात्र खरोखर उभी राहिली, आणि ती उभारण्यात दिग्दर्शक आन्नो हिदेआकी याचा मोठा वाटा आहे. चित्रे संगणकावर तयार होऊ लागल्यापासून प्रतिकृती, साचे, विमानांच्या लाकडी मूर्ती हे सारे अडगळ म्हणून भंगारात निघू लागले होते. ते वाचविण्यासाठी त्याने २०१२ साली तोक्योच्या समकालीन कला संग्रहालयात तोकुसात्सुचे प्रदर्शन भरविले, २०१७ साली ॲनिमे आणि तोकुसात्सु यांच्या जतनासाठी एक संस्था स्थापन केली, आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे ‘गोजिरा’च्या वाढदिवशी, त्सुबुरायाच्या जन्मगावी सुकागावा येथे तोकुसात्सु संग्रह केंद्र सुरू झाले. २०११ च्या भूकंपाने हादरलेल्या एका मध्यम शहराने कागदी इमारती आणि मोडके राक्षस सांभाळण्याचे काम पत्करावे, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

राज्यव्यवस्थेने मात्र हात राखूनच ठेवला आहे. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या १९४८ सालच्या कायद्यात प्रकाशित वाङ्मयाची प्रत दाखल करण्याची सक्ती आहे. चित्रपटांना त्यातून ‘तूर्त’ माफी मिळाली, आणि तो तूर्त सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. हक्कांचे कज्जे तर दप्तरेच्या दप्तरे भरतील इतके आहेत. १९७६ सालचा म्हणून दाखविलेल्या एका कागदाच्या आधारे थायलंडमधील एका निर्मात्याने जपानबाहेरील अल्ट्रामॅनवर स्वामित्व सांगितले. जपान, थायलंड, चीन आणि अमेरिका अशा चार देशांच्या न्यायासनांपुढे तो वाद फिरला, निवाडे परस्परविरुद्ध आले, आणि २०१८ साली अमेरिकी न्यायालयाने तो कागद खोटा ठरविणारा फैसला कायम करीपर्यंत जुन्या मालिका परदेशात मोकळेपणी दाखविणे मालकालाही कठीण होऊन बसले होते.

आणि शेवटी असा एक दस्तऐवज आहे, जो हरवलेलाही नाही आणि कुजलेलाही नाही. त्सुबुरायाच्या कंपनीच्या ‘अल्ट्रासेव्हन’ या मालिकेचा बारावा भाग १७ डिसेंबर १९६७ रोजी प्रक्षेपित झाला. त्यात अण्वस्त्रांच्या चाचण्यांनी रक्त विषारी झालेले परग्रहवासी पृथ्वीवरील माणसांचे रक्त चोरावयास येतात. १९७० साली एका बालमासिकाच्या पुरवणीत त्या जमातीचे वर्णन करताना अणुबाँबच्या बळींना लावला जाणारा शब्द वापरण्यात आला, हिरोशिमा-नागासाकीच्या पीडितांच्या बाजूने तीव्र निषेध झाला, आणि कंपनीने तो भाग कायमचा मागे घेतला. पीडितांचा संताप न्याय्य होता. ज्यांच्या शरीरावर व्रण आहेत त्यांना रक्तपिपासू राक्षसांच्या पंक्तीला बसविणे हा अपराधच होता, मग तो अजाणतेपणी घडलेला का असेना. परंतु दाखवू नये असे ठरविणे आणि अस्तित्वच नाकारणे यांत भेद आहे. हा भाग खुल्या बाजारात आणू नये हे मी समजू शकतो. तो अभ्यासकांना कोठेही अधिकृतपणे पाहता येऊ नये, आणि परिणामी चोरट्या, अंधुक प्रतींवरूनच त्याच्याविषयी लिहिले-बोलले जावे, हे मात्र समर्थनीय नाही. योकोहामा येथे प्रक्षेपित कार्यक्रमांचे एक सार्वजनिक ग्रंथालय १९९१ पासून चालते; तेथे, त्या वादाच्या कागदपत्रांसह, पीडितांच्या प्रतिनिधींच्या संमतीने आणि योग्य त्या प्रस्तावनेसह त्याची एक प्रत ठेवण्यास मालकाने मान्यता द्यावी. ‘अल्ट्रासेव्हन’चे एकूण ४९ भाग आहेत, अधिकृत संचांत आजवर ४८ च दिले जातात, आणि अकराव्यानंतर थेट तेरावा येतो.